हँडल नसलेलं यंत्र

नवं यंत्र आलं त्या दिवशी माझा लेथ खिडकीपासून उचलून भिंतीकडे सरकवला. त्याच्या जागी लाकडी खोक्यांतून निघालेलं एक हिरवट, बुटकं यंत्र बसलं. मी त्याच्याभोवती दोन-तीनदा हिंडलो. लेथसारखंच होतं, पण काम चालू असताना माणसानं हातात धरावं असं हँडल त्याला कुठंच नव्हतं.

हे साठ सालानंतरचं. मी पिरंगुटचा. घरची भाताची खाचरं वडील आणि थोरला भाऊ बघायचे. मी सायकलवर भुकूम, भूगाव मागे टाकत कोथरूडच्या बाजूच्या कारखान्यात जायचो, टर्नर म्हणून. लेथवर लोखंडाचा गज गरगर फिरत असतो आणि आपण उजव्या हातानं हँडल फिरवत धारदार टूल त्याच्या अंगाला लावायचं. कीस निळा पडून वेटोळे घेत खाली येतो. किती रेटायचं, कुठं थांबायचं हे डोळ्यांच्या आधी हाताला कळतं. आमच्या शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या शेडमध्ये, माझा हात चांगला समजत. म्हणूनच साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "नवीन ऑटोमॅटिक तुमच्याकडे देतोय." त्या संध्याकाळी मी पौड रस्त्याला लागण्याआधी पेढे घेतले.

यंत्र शिकवायला दक्षिणेकडचे एक गृहस्थ आले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. पन्नाशीचे, अंगानं किरकोळ. मराठी आणि हिंदी एकत्र कालवून बोलायचे. पहिल्या दिवशी त्यांनी यंत्राचं झाकण उघडून आतल्या दांड्यावर बसवलेल्या लोखंडी चकत्या दाखवल्या. तळहाताहून मोठ्या, पण गोल म्हणाव्यात तर गोल नव्हत्या. कुठं फुगीर, कुठं खोलगट.

"ही चकती फिरते," अण्णा म्हणाले. "फुगीर भाग आला, टूल पुढे. खोलगट भाग आला, टूल मागे. एक फेरी झाली, एक जॉब झाला. खलास."

"आणि मी काय करायचं?"

"तू बघायचं."

आज पोरं ज्याला प्रोग्रॅम म्हणतात ते तेव्हा असं लोखंडात कापलेलं असे. काय करायचं, कोणत्या क्रमानं आणि किती वेगानं, सगळं त्या चकतीच्या कडेवर. यंत्राला माणसाचं काही विचारायचं नव्हतं.

अण्णांनी सुरू केलं. गज आपणच पुढे सरकला, टूल आपणच भिडलं, तेलाची धार पडली आणि डिझेल पंपाला लागणारी एक बारीक पिन खालच्या ताटात टपकली. मग दुसरी. ती पिन करायला किती मेहनत पडायची ते मला ठाऊक होतं. मी ती उचलून मायक्रोमीटरमध्ये धरली. मापात होती. चौथी, पाचवी, सगळ्या मापात. माझा आनंद तिथंच कुठंतरी मावळला.

पुढचे दिवस फार वाईट गेले. टूल शेवटाला आलं की माझा उजवा हात नकळत वर यायचा, नसलेलं हँडल धरायला. अण्णांच्या ते लक्षात आलं. एकदा त्यांनी माझ्या हातात तेलाची बुधली दिली. "हे धर. हाताला बरं वाटेल." मी हसलो, पण दुपारपर्यंत ती बुधली खरोखरच धरून उभा होतो. भिंतीकडच्या माझ्या लेथवर दुसरा टर्नर काम करायचा. त्याच्या टूलचा आवाज जरा चिरका आला की माझे कान तिकडे वळायचे. हा जास्त रेटतोय, आता धार जाणार, असं मनात यायचं. आणि माझ्यासमोर ताटात पिना टपकत राहायच्या.

घरी आल्यावर मला बसवेना. शेजाऱ्याच्या ऑइल इंजिनाचा पंप उघडून बसायचो. तो चांगला चालत असला तरी उघडायचो. दाराची कडी काढून पुन्हा बसवायचो. बायको म्हणायची, "अवो, जरा बसा की हितं. सारखं काय कायतरी उचकताय?" मी बसायचो आणि पुन्हा उठायचो.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असायची आणि घरच्या माणसांना आत येऊन बघायला मोकळीक असे. त्या वर्षी मी वडिलांना नेलं. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. धुतलेलं धोतर, नवी टोपी घालून आबा पहिल्यांदाच कारखान्यात आले होते. यंत्रांना झेंडूच्या माळा, गंध, पुढ्यात नारळ. पूजा झाल्यावर साहेबांनी हौसेनं नवं यंत्र पाहुण्यांसाठी चालू करून दाखवलं. बायाबापड्या, पोरंटोरं गोळा झाली. पिना टपकू लागल्या तसे लोक "आयला, आपल्या आपनच!" म्हणत वाकून बघू लागले.

आबांनी बराच वेळ निरखलं. मग मला विचारलं, तेही शेतातून हाक मारतात तशा आवाजात, "ह्ये येकटंच समदं करतंय?"

"व्हय, आबा."

"मंग तुला पगार कशाचा देत्यात?"

सगळे हसले. साहेबही हसले. आबांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. त्यांनी खरोखरच विचारलं होतं. मीही हसल्यासारखं केलं. परत येताना एसटीत ते खिडकीशी बसून पिकाकडं बघत होते आणि मी त्यांच्या शेजारी बसून उत्तर शोधत होतो. भूगाव गेलं, भुकूम गेलं, पिरंगुटच्या चढाला गाडी कण्हू लागली तरी मी शोधतच होतो.

पुढं भात कापणीला आला. आमच्याकडचे बहुतेक कामगार कापणीला रजा टाकत. मीही टाकली, गरजेपेक्षा लांबच. कापणीत तरी हाताला काम मिळेल असं वाटलं होतं, पण विळा हातात घेऊनही मी घाईत असायचो. भावाच्या पुढं पुढं कापत जायचो, पेंढ्या वेड्यावाकड्या पडायच्या. आबा बांधावरून म्हणाले, "आरं, भात पळून चाललाय व्हय?"

खळ्यावरचं काम सरत आलं तेव्हा पौडहून बायकोचा भाऊ आला. त्याची तिथं भाताची गिरणी होती. हंगाम तोंडावर आणि गिरणीचा दांडा मोडलेला. त्यानं रिपेरीसाठी एक जुना लेथ घेऊन ठेवला होता, गिरणीच्याच इंजिनावर पट्ट्यानं चालणारा, पण तो चालवणारं कुणी नव्हतं.

"दाजी, तेवढा दांडा करून द्या. न्हाईतर माझा हंगाम गेला."

मी त्याच दिवशी गेलो. लेथ फार जुना होता. सगळीकडून ढिला, चालताना पट्टा फटाफट वाजायचा. पण त्याला हँडल होतं. टूल घासून धार लावली, दांडा चढवला आणि हात कामाला लागला. लेथचा ढिलेपणा मनात धरून टूल न्यावं लागत होतं. ते माझ्या हाताला लगेच उमगलं. संध्याकाळी दांडा गिरणीत बसला, गिरणी चालू झाली, कोंडा उडाला आणि मेव्हणा कोंड्यात पांढरा होऊन नाचायचा तेवढा राहिला. त्या रात्री मी तिथंच गिरणीत झोपलो. कितीतरी दिवसांनी गाढ झोपलो.

सकाळी चहा पिताना तो म्हणाला, "दाजी, सोडा त्यो कारखाना. हितं राव्हा. इंजनं हायेत, गिरन्या हायेत, गाड्या हायेत. मुळशी खोऱ्यात दुसरा टर्नर न्हाई. निम्मं तुमचं, निम्मं माझं."

मी हो म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही. बायकोला निरोप धाडला की अजून काही दिवस इकडंच आहे. मनातून मी जवळजवळ ठरवलं होतं. कारखान्यात परत जाऊन नाव कमी करायचं आणि पौडला यायचं.

मग एका शेतकऱ्यानं बैलगाड्यांच्या खिळी सांगितल्या. चाक आखावरून निसटू नये म्हणून घालतात त्या. एक नाही, त्याच्या भाऊबंदांच्या सगळ्या गाड्यांसाठी. जाड डोकं, खाली बारीक अंग, टोकाला निमुळती. पहिली केली, दुसरी केली. छान झाल्या. दुपारनंतर माझ्या लक्षात आलं की हात हँडल फिरवतोय आणि डोकं भलतीकडंच आहे. इथं टूल सावकाश पुढं येतं, म्हणजे चकतीला इथं मंद चढ. इथं क्षणभर थांबतं, म्हणजे इथं कड सपाट. इथं चटकन मागं, म्हणजे उतार. सगळी खीळ मला चकतीच्या कडेवर दिसू लागली. मी लेथ थांबवला, खडूचा तुकडा घेतला आणि गिरणीच्या फरशीवर मोठं वर्तुळ काढून त्याचे भाग पाडत बसलो.

मेव्हणा पोत्यांवरून डोकावला. "दाजी, कुंडली मांडताय का काय कुनाची?"

मी पुसून टाकलं आणि पुन्हा कामाला लागलो. पण पुढच्या प्रत्येक खिळीला तेच. हाताला काम होतं आणि तरी जीव थाऱ्यावर नव्हता. मला स्वतःचाच राग आला. तिथं असताना हँडल पाहिजे होतं, आता हँडल होतं तर चकती पाहिजे होती. वर्तुळ बरोबर काढलंय का हे सांगणारा माणूस पौडात कुणी नव्हता, आणि ते कळल्याशिवाय मला चैन पडणार नव्हती.

खिळी पुऱ्या करून दिल्या आणि मेव्हण्याला म्हटलं, "पाव्हणं, रागावू नका. मला जायला पायजे."

"काय कमी पडलं का?"

"न्हाई. कमी कायच न्हाई."

तो रागावलाच. बरीच वर्षं त्यानं ते मनात धरलं. बायकोला त्याचं वाईट वाटायचं आणि ती मला ते बोलूनही दाखवायची.

रजा संपायच्या आधीच मी कामावर हजर झालो. अण्णा यंत्रापाशी टूल बदलत होते. मी सरळ विचारलं, "अण्णा, चकती कशी काढायची ते शिकवाल?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "आत्ता विचारतो? मी चाललो गावी. म्हातारी आई आहे घरी, एकटी. महिनाअखेर."

"तोवर शिकवा."

त्यांनी शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत, शिफ्ट सुटल्यावर, जमेल तेव्हा. वर्तुळाचे शंभर भाग करायचे, प्रत्येक हालचालीला किती भाग लागतील ते काढायचं, मग जाड पत्र्यावर आखून, कापून, कड कानशीनं घासत आणायची. घासायला मला येत होतं. हिशेब येत नव्हता. माझं शिक्षण सातवीपर्यंत. गुणाकार-भागाकार करताना घाम फुटायचा. अण्णा चूक दिसली की पेन्सिलीनं नुसती टिचकी मारायचे आणि बाजूला व्हायचे. मला वाटायचं, सांगून टाकावं ना काय चुकलं ते. ते सांगत नसत.

पहिली चकती मी हट्टानं त्यांच्यासमोरच बसवली. यंत्र चालू केलं आणि टूल अशा जोरात गजावर येऊन आदळलं की टोक उडून तेलात पडलं. शॉपमधली सगळी माणसं वळून बघायला लागली. माझे कान तापले.

अण्णांनी चकती काढली, कडेवरून बोट फिरवलं. "हा चढ बघ. वेळ वाचवायचा म्हणून एकदम उभा केला. तुमच्या पिरंगुटला घाट आहे ना? इतका उभा केला असता तर बैल चढला असता काय?"

"नसता चढला."

"मग?"

ते गेले तेव्हा दुसरी चकती माझ्या टेबलावर अर्धवट घासलेली पडली होती. मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. फलाटावर मी त्यांना चढ, उतार, सपाटीबद्दलच विचारत होतो आणि ते हमालाशी ट्रंकेवरून भांडत होते. गाडी हलली तेव्हा खिडकीतून ओरडून त्यांनी काहीतरी सांगितलं. गलक्यात मला ऐकू आलं नाही. ते काय होतं याचा मी पुढं कितीतरी दिवस विचार करत राहिलो.

दुसरी चकती मी सावकाश घासली. म्हणजे हात सावकाश चालवला, आतून मी धडधडतच होतो. चढ लांब केला, थांबायची जागा वाढवली. बसवली, चालू केलं. टूल अलगद येऊन भिडलं. पहिली पिन टपकली ती कडेला किंचित बारीक होती, म्हणजे टूल तिथं जास्त पुढं येत होतं. चकती काढून त्या जागी कानशीचे दोन हात मारले, परत बसवली. पुढची मापात आली. मी साहेबांकडं घेऊन गेलो. ते फोनवर होते. त्यांनी पिन बघितली, मान हलवली आणि फोनवर हात ठेवून म्हणाले, "चालू ठेवा." एवढंच. मी परत येऊन यंत्रापाशी उभा राहिलो. कुणाला तरी मिठी मारावी असं वाटत होतं, पण मिठी मारण्यासारखं जवळ कुणी नव्हतं.

पुढं साहेबांनी मला सेटर केलं, म्हणजे नव्या कामासाठी यंत्र लावून देणारा. आणखी तशीच यंत्रं आली. नवं ड्रॉइंग हातात पडलं की माझी झोप उडायची, जेवताना ताटात बोटानं वर्तुळं निघायची. बायको म्हणायची, "भाकरीचं काय मोजताय? खावा आधी." तिचं खरं होतं. अस्वस्थपणा गेला म्हणतात तसा काही माझा गेला नाही. फक्त आता मला पळून जावंसं वाटत नव्हतं.

मात्र सायकल सोडावी लागली. हिशेबाच्या नादात दोनदा भूगावच्या अलीकडं मी रस्त्याच्या कडेच्या चरात गेलो. दुसऱ्यांदा गुडघा फुटला. तेव्हापासून सकाळची एसटी धरली. मागच्या बाकावर, मांडीवर कागद, कानावर पेन्सिल. कंडक्टर रोज तिकीट फाडताना वाकून कागदाकडं बघायचा. शेवटी एके दिवशी न राहवून त्यानं विचारलं, "मास्तर, शाळा कुटली म्हनायची तुमची?"

"शाळा न्हाई," मी म्हटलं, "कारखाना." आणि गाडी हलत असताना त्याला चकती समजावून सांगायला लागलो. मागचे उतारू तिकिटासाठी ओरडेपर्यंत तो तिथंच दांडी धरून उभा होता.