चेहरा झाकलेला फोटो

भंडाऱ्याजवळच्या शहापुरात हायवेला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्सपेक्षा मी बातम्या लवकर काढतो, असा माझा लौकिक होता. मोबाइलवर आमचा बातम्यांचा ग्रुप. त्याचा संपादक मी, वार्ताहर मी, फोटोग्राफर मी. चुकाही अर्थातच सगळ्या माझ्याच. एकदा नावात नाव मिसळलं आणि मी एका जित्याजागत्या म्हाताऱ्याला श्रद्धांजली वाहून बसलो. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला, रेशनकार्ड काउंटरवर आपटलं आणि म्हणाला, "मी मेलो म्हणे. मंग काढ लवकर झेरॉक्स, वरती दाखवा लागंल."

त्यानंतर मी सुधारलो, असं मला वाटलं. अपघाताचा एक फोटो पाहून एका निवृत्त गुरुजींनी मला ग्रुपवरच झापलं होतं, की घरात लेकरं मोबाइल पाहतात, काही लाजलज्जा? तेव्हापासून मी नियम केला: मेलेल्या माणसाचा चेहरा ब्लर केल्याशिवाय फोटो टाकायचा नाही. या नियमाचं कौतुक मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी बायको म्हणाली, "मढ्याच्या तोंडावर धूर सोडता, न् सभ्य म्हणवता?" मी म्हटलं, तुले पत्रकारितेतलं काय समजते?

गेल्या वर्षी भाताच्या रोवणीचे दिवस होते. सकाळी दुकान उघडतच होतो, तेवढ्यात दोनशे पावलांवर ब्रेक किंचाळला. मी धावलो. आधी फोन खिशात आहे का ते चाचपलं आणि मग धावलो. सायकल एकीकडे, माणूस रस्त्याच्या कडेला कुशीवर. ट्रक निघून गेलेला. माझ्याआधी चार जण पोचले होते आणि चौघांच्याही हातात मोबाइल होते. कोणीतरी म्हणालं, "गेला." कोणीतरी म्हणालं, "ॲम्ब्युलन्सले फोन लावला." मी अकरा फोटो काढले. त्यातला चांगला निवडला. हो, 'चांगला' हाच शब्द तेव्हा माझ्या मनात होता. चेहऱ्यावर बोट फिरवून तो नीट पुसला आणि खाली लिहिलं: ओळख पटलेली नाही. फोटो पाहून लोक गाड्या हळू चालवतील, असंही स्वतःला सांगितलं. ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली आणि माझी छाती फुगली.

पाऊण तासानं फोन आला. माणूस अगदी हळू बोलत होता.

"भाऊ, थो फोटो काढून टाका. माहा लहान भाऊ होय."

"पण चेहरा तर झाकलेला आहे," मी म्हणालो. खरंच असं म्हणालो.

"चेहरा कोण पाहते जी? पिशवी पाहा ना."

मी फोटो उघडला. त्याच्या पोटापाशी एक पिशवी पडली होती. जांभळ्या लुगड्याची, पिवळ्या काठाची, बाजूला शाळेच्या खाकी पँटचा खिसा शिवलेला. खिशात पाण्याची बाटली. अख्ख्या जिल्ह्यात अशी दुसरी पिशवी नसणार. आणि मी कुठला? त्याच जिल्ह्यातला! आम्ही माणूस ओळखतो तो पाठीवरून, सायकलच्या मडगार्डवरून, दुपट्टा बांधायच्या रीतीवरून. एक किलोमीटरवरून येणारा मामा मी त्याच्या चालीवरून ओळखतो. तरी मी शहरातल्या पेपरासारखा चेहरा पुसला आणि उरलेला सगळा माणूस चव्हाट्यावर मांडला.

"मी दवाखान्यात आहो त्याच्यापाशी," तो म्हणाला. "त्याची बाई कारध्याले रोवणीवर आहे. तिले अजून कोणं सांगितलं नाही."

आमच्याकडे बाईला अशी बातमी भाताच्या बांधीत, चिखलात उभी असताना सांगत नाहीत. घरचं कोणी जातं, "तब्येत जरा जास्त आहे, घरी चाल" म्हणतं. वाटेत ती विचारत राहते, तो टाळत राहतो. घरी पोचेपर्यंत अंगणात बाया जमलेल्या असतात, त्यांना पाहून तिला कळतं, आणि तोवर तिला धरायला दहा हात आलेले असतात. माझा बाप गेला तेव्हा माझ्या आईलाही असंच आणलं होतं. म्हणजे ही रीत मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

फोटो काढून टाकला. पण तोवर तो कुठल्या कुठल्या ग्रुपवर गेला होता. मग मी गाडीला किक मारली. आयुष्यभर बातमी पहिली पोचवण्यासाठी धावलो, आता बातमीच्या आधी पोचायचं होतं. भंडारा शहर कसं पार केलं, पुलावर कोणाच्या शिव्या खाल्ल्या, काही आठवत नाही.

विचारत विचारत गाठलेल्या कारध्याच्या त्या बांधीत बाया वाकलेल्या नव्हत्या. उभ्या होत्या. तिथंच मला कळलं.

मधल्या बाईचे हात कोपरापर्यंत चिखलानं भरले होते, म्हणून दुसरीनं तिच्यासमोर मोबाइल धरला होता. ती रडत नव्हती. "हे मी शिवली," एवढंच म्हणत होती. "हे पिशवी मी शिवली."

एकीनं मला ओळखलं. "हेच होत थे बातमीवाले."

तिनं मान वर केली. शिवी देईल असं वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं.

"तुमी होते तिथं?"

"हो."

"मंग तोंडात पाणी घातलं का जी कोणं?"

मी बोलघेवडा माणूस. कोणत्याही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असतं, तसं याही वेळी होतं.

"घातलं," मी म्हणालो. "मीच घातलं."

संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी ते अकरा फोटो पुन्हा पाहिले. बाटली अकराही फोटोंत होती, भरलेली. पहिल्या फोटोत त्याचा हात छातीशी होता. चौथ्यात पोटाशी. नवव्यात पिशवीच्या खाकी खिशावर. मी पुन्हा पहिल्यापासून पाहिले. कोणी तो हात हलवला असेल, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण हात हलवायला स्वतःचा हात रिकामा लागतो, आणि आम्हा पाचांतल्या कोणाचाच रिकामा नव्हता.

तेरवीचं बोलावणं आलं. खरं सांगून टाकायचं ठरवून गेलो. चुलीमागे त्याची बाई भेटली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, "मले मालूम आहे. पोलिसाईनं पिशवी वापस देल्ली. मी सकाळी बाटली भरली होती, तशीच भरून होती."

"मंग मले काहून बोलावलं?"

"तुमच्यासाठी नाही बोलावलं," ती म्हणाली. "बुढीले मी सांगतलं, पाजलं म्हणून. पोरगा पाण्याबिगर गेला असं समजलं तर थे नाही जगाची. चला, तिच्यापाशी बसा. न् तिथं आपलं शहाणपण सांगू नका."

ओसरीत त्याची आई बसली होती. तिला फारसं दिसत नव्हतं. तिच्या थोरल्या मुलानं, मला फोन करणाऱ्यानं, माझ्या खांद्यावर नवा दुपट्टा टाकला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. म्हातारीनं चाचपत माझा उजवा हात शोधला, ज्या हातानं फोटो काढले तोच, आणि दोन्ही डोळ्यांना लावला. डोळे ओले होते. हात ओढून घ्यावा असं वाटलं, आणि ओढता येईना. सून दारात उभी राहून पाहत होती.

"माहा पोरगा किती पेला, बापू?" म्हातारीनं विचारलं.

सगळे माझ्या उत्तराकडे कान लावून होते.

"दोन घोट, माय," मी म्हणालो. "दोन घोट पेला."