क्लॉडिया टीचरचा बुधवार

आरोंदा गावच्या क्लॉडिया टीचरना आयुष्यात कशाची भीती वाटली नाही. तीस वर्षं सातवीचा वर्ग सांभाळलेली बाई ती. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून चर्चच्या ओळखीने सहा महिन्यांसाठी जपानला गेल्या. समुद्राकाठच्या एका गावात वृद्धाश्रम होता, तिथे म्हाताऱ्यांना भरवायचं, फिरवायचं. काम चोख जमलं. घोडं अडलं ते बुधवारी.

बुधवारी त्यांना सुट्टी. पहिल्या बुधवारी त्या सवयीने आश्रमात हजर झाल्या, तर तिथल्या मायू नावाच्या मुलीने कमरेत वाकून, गोड हसून त्यांना परत पाठवलं. "आज विश्रांती." आता विश्रांती म्हणजे नेमकं करायचं काय? आरोंद्याला सुट्टीचा दिवस म्हणजे सकाळी चर्चमध्ये मिस, मग मासळी, मग कुणाच्या तरी ओट्यावर तिन्हीसांजेपर्यंत गजाली, म्हणजे गप्पा. इथे ना ओटा, ना गजाली. टीचर खिडकीत बसून रस्ता बघत राहिल्या, आणि रस्त्यावर कुणीही नव्हतं.

दुसऱ्या बुधवारी त्यांनी तांदळाच्या पिठाचे घावणे घातले, स्टीलच्या डब्यात भरले आणि शेजारच्या हिसाए नावाच्या म्हाताऱ्या बाईंना नेऊन दिले. संध्याकाळी डबा परत आला. लखलखीत घासलेला, मोठ्या रुमालात बांधलेला, आणि आत परसिमनची तीन फळं. दिसायला टोमॅटो, चवीला चिकू. टीचरना भरून आलं. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपली रीत हिलाही ठाऊक!

पण रुमाल आता टीचरकडे होता. तो रिकामा कसा धाडणार? त्यात नारळाचे लाडू बांधले. रुमाल परत आला तो बिस्किटांसकट. असे सहा बुधवार गेले. सुट्टी कशी घालवायची हा प्रश्न उरलाच नाही. टीचर खूश होत्या.

सातव्या आठवड्यात मायूने त्यांना बाजूला घेतलं. हिसाए बाई विचारत होत्या, अजून किती दिवस परतफेड करायची? दर वेळी काहीतरी आणायला त्या बसने शहरात जातात, आणि त्यांचे गुडघे दुखतात.

टीचरचं तोंड उतरलं. आपण माया समजत होतो आणि ती बिचारी कर्तव्य उरकत होती! आता पाठवावं तर तिला त्रास, न पाठवावं तर तिचा अपमान. या परमुलखात मिळालेलं एकुलतं एक माणूस आपणच हुसकावलं की काय? त्यांनी आरोंद्याला धाकट्या बहिणीला फोन लावला.

"तेरेझा, भांडा रिकामा परत केला तर काय होता गो?"

"माका काय विचारतंस? माझो टोप तुझ्याकडे चार वरसां पडलो आसा! तो कधी भरून धाडलंस?"

"तू घरची गो."

"मगे झाला तर," तेरेझा म्हणाली, आणि टोपाची आठवण पुन्हा एकदा करून देत तिने फोन ठेवला.

त्या बुधवारी टीचर काहीही न घेता शेजारी गेल्या. हिसाएने आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे पाहिलं. वाकून आत घेतलं. चहा दिला. मग हिसाए वाळवणासाठी परसिमन सोलत बसली, तेव्हा टीचरनी न विचारता दुसरी सुरी उचलली. कोकमं फोडून सोलं वाळत घालण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना हे काय अवघड! दोघींनी टोपलीभर फळं सोलली. पण हिसाए हसली नाही, आणि निघताना तिने काही दिलंही नाही.

आठवडाभर टीचर मनात तेच घोळवत राहिल्या. बरं केलं की वाईट? शेजारचं दार बंदच दिसे. मायूला विचारायचा धीर होईना.

बुधवारी सकाळी दार वाजलं. काठी टेकत हिसाए उभी होती. तिने काठी भिंतीला लावली आणि, जरा लाजत, दोन्ही तळवे उघडून दाखवले. रिकामे.

टीचरनी दार पूर्ण उघडलं. मग त्या आपल्याच भाषेत म्हणाल्या, "ये गो बाय, बस."