लॅबच्या सिंकमधून जाणारं पाणी

फेकून देण्याच्या लायकीची वस्तू जगात नाही, असं आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंइतकं मनापासून मानणारं माणूस अख्ख्या मुलुंडात नसेल. वडापाववाल्याचं काळं झालेलं तेल त्या डबा घेऊन मागून आणत आणि नववीच्या मुलांकडून त्याचा साबण करवून घेत. त्या साबणाला बटाटेवड्याचा वास यायचा. पीटीचे सर एकदा म्हणाले, “बाई, हात धुतले की भूक लागते हो!” “लागू दे ना. तेल गटारात तर गेलं नाही?” सोसायट्यांमधली जास्वंदीची फुलं बाई वॉचमनच्या डोळ्यांदेखत खुडत आणि त्यांचा रस कागदाच्या पट्ट्यांना लावून वाळवत. ॲसिड असलेल्या पाण्यात ती पट्टी लाल होई.

एकदा या पट्ट्या घेऊन बाई वर्गाला शाळेमागच्या नाल्यावर घेऊन गेल्या. मी मराठी शिकवते, पण मुलांवर लक्ष ठेवायला मीही होते. कुंपणाच्या भिंतीजवळ पट्टी लालभडक झाली. मुलं ओरडली, “बाई, पकडलं! वरच्या कंपनीवाल्यांनी वाट लावली!” बाईंनी जरा वरच्या अंगाला दुसरी पट्टी बुडवायला लावली. तिथे काहीच झालं नाही. तेव्हा एका मुलीने भिंतीतून नाल्यात उतरणाऱ्या पाइपाकडे बोट दाखवलं. “बाई, हा आपल्या लॅबचा ना?”

नुकतंच दहावीचं प्रॅक्टिकल झालं होतं. उरलेलं ॲसिड सिंकमध्ये ओतायचं आणि वरून नळ सोडायचा, हे वर्षानुवर्षं चालत आलेलं. बाईंचा चेहरा उतरला. “हो गं,” त्या म्हणाल्या. “हे मीच ओतलंय.”

त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही. मी म्हटलं, “बाई, थोडंसंच तर होतं.” त्या म्हणाल्या, “तिने विचारलं नसतं, तर मी कंपनी शोधत बसले असते.”

दुसऱ्या दिवसापासून सिंकशेजारी बादली आली. वापरलेलं ॲसिड तिच्यात जमा करायचं, धुण्याचा सोडा टाकून त्याचा जोर मारायचा आणि पट्टी लाल होत नाही हे बघूनच ओतायचं. प्रयोगही थेंबाथेंबाचे झाले, तेही औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांतल्या खळग्यांत. मुख्याध्यापक वैतागले, “बाई, ही शाळा आहे की भंगारवाला?” पण दुखणाईत शिक्षकांपासून शिपायापर्यंत सगळे पाकिटं आणून देऊ लागले. शेवटी मुख्याध्यापकांनीही आपल्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट गुपचूप टेबलावर ठेवलं.

बाई निवृत्त होऊन नाहूरला राहतात. शाळेत आता प्रयोग मोठ्या स्क्रीनवरच दाखवले जातात. मुलं शांत बसून बघतात. सिंक कोरडं असतं आणि नाल्यात आमच्याकडून थेंबही जात नाही. बाईंचा फोन आला की विचारतात, “लॅब कशी आहे गं?” मी म्हणते, “स्वच्छ आहे, बाई.”