पुजाऱ्याची फुंकर

सत्तावन साली, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, आमच्या गावात थंडीतापाची साथ आली आणि तिला हाकलायला लोकांनी गाव बांधलं. म्हणजे शिवेवर नारळ फोडायचा आणि दिवसभर कुणी बाहेर जायचं नाही, कुणी आत यायचं नाही. इथवर शहाणपण होतं. पण तेवढ्यावर थांबतील तर ती आमच्या गावची माणसं कसली. बाहेरच्यांना बंदी करून आतल्या सगळ्यांना, तापाने फणफणलेल्यांसकट, त्यांनी मातेच्या देवळात कोंबलं. तिथे पुजारी एकेकाच्या तोंडावर अंगारा फुंकणार होता.

नागभीडच्या बाजारातून हा ताप पहिल्यांदा गावात आणला तो याच पुजाऱ्याने. खोकून खोकून त्याचा आवाज बसला होता. फुंकरीत अंगारा कमी, थुंकी जास्त. तरी लोक डोळे मिटून, तोंड वर करून रांगेत उभे.

मी नुकतीच बाळंत झाले होते. सासू दाराशी आली.

"लेकरू घेऊन चाल. फुंकर नाई घेतली तं माता कोपते."

"बाई, तो खोकून राह्यला. मी लेकराले नाई नेत."

"तुलेच लय समजते."

मला फार काही समजत नव्हतं. खोकणाऱ्याला बाळंतिणीच्या खोलीत येऊ देऊ नये, एवढंच आईने सांगितलं होतं. सासूनेही ते पाचवीपर्यंत कडक पाळलं होतं. देवाचं नाव निघालं आणि सगळं खुंटीला टांगलं. नवरा तिच्यामागे निमूट गेला आणि कपाळ राखेने माखून आला. त्याला मी ओसरीवर झोपायला लावलं.

आठवडा उलटायच्या आत घरोघरी अंथरुणं पडली. रोवणीला हात उरले नाहीत. पुजारी तेवढा बरा होऊन हिंडत होता आणि एका सुनेने फुंकर नाकारली म्हणून बंधन तुटलं, असं सांगत होता. लोक माना डोलवत होते. असल्या गोष्टींना त्यांच्या माना फार लवकर हलतात.

सासूची छाती भरली. ती त्यातून उठली नाही. जायच्या आदल्या दिवशी तिने नात मागितली, "एकडाव मांडीवर दे." मी दिली नाही. उंबऱ्याच्या आतूनच लेकराचं तोंड दाखवलं. तिचा मला राग होता, तरी तिला नीट दिसावं म्हणून दुपटं बाजूला केलं. आता ती शिव्या देईल असं वाटलं. तिने हात पुढे केला, तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. पदर तोंडावर दाबून ती भिंतीकडे वळली आणि म्हणाली, "ने तिले आत."