मामांची टाच

घोटा किती वाकतो हे मोजायला दोन पट्ट्यांचा कोनमापक लागतो, आणि रोग्याची टाच आपल्या हातात लागते. टाच नीट धरली नाही तर पाऊल मधूनच वाकतं आणि आखडलेला घोटाही सुटल्यासारखा दिसतो. अंबाजोगाईतल्या आमच्या फिजिओथेरपीच्या खोलीत मी रोज कुणाची ना कुणाची टाच धरते. एकाच माणसाची धरता येईना, आणि ते म्हणजे माझे सख्खे मामा.

मामांचं शिरूर कासारला किराणा दुकान. स्टुलावरून पडून घोटा मोडला, प्लास्टर निघालं, पण घोटा आखडून बसला; मी शिकवलेले व्यायाम घरी करूनही सुटेना. उकिडवं बसताच येईना. मुलानं संडासात ठेवायला भोकाची खुर्ची आणली, तर तिच्यावर बसायची मामांना मेल्याहून मेल्यासारखी शरम. आणखी व्यायामानं भागेल की ऑपरेशनच करावं लागेल, हे हाडांचे डॉक्टर माझ्या मोजमापावर ठरवणार होते.

आणि मोजमापच होईना! आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. भाचीनं मामाच्या पायाला हात लावायचा नसतो. मी टाचेला हात घातला की मामा चटका बसल्यासारखा पाय ओढून घेत आणि वर मलाच हात जोडत.

"पाप लागतंय माय मला."

"मामा, पापबिप राहू द्या. दवाखाना आहे हा."

"आसू दे की. दवाखान्यात आलं म्हनून तू भाची न्हाईस का?"

माझ्या सहकाऱ्याकडे जा म्हटलं, तर तेही नको. "घरची भाची डाक्टर आसताना परक्याकडं कावून जाऊ?" म्हणजे मोजायचं मीच, आणि हातही लावू द्यायचा नाही. माझं डोकं उठलं.

शेवटी हात न लावता मोजायचं ठरवलं. भिंतीसमोर उभं राहायचं, टाच जमिनीला टेकलेली ठेवून गुडघा भिंतीला लावायचा, आणि अंगठा भिंतीपासून किती लांब आहे ते मी मोजायचं. मामांनी पहिल्याच खेपेला गुडघा लावला. "लागला! बग, लई सुटलाय."

मला खरं वाटेना. टाचेखाली कागदाची पट्टी सरकवली आणि पुन्हा करायला लावलं. गुडघा भिंतीला लागल्यावर मी ओढून बघितली, तर पट्टी सुळकन बाहेर आली. मामा टाच उचलत होते. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच.

मग मात्र मी ओरडलेच. "कुणाला फसवताय मामा? आकडा खोटा गेला तर पाय जन्माचा असाच राहील!"

खोलीतले सगळे वळून बघायला लागले. मामा गुपचूप खाटेवर जाऊन आडवे झाले, पाय लांब केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "धर," म्हणाले.

मी टाच घट्ट धरली, गुडघा सरळ ठेवून बघितलं, वाकवून बघितलं. पाऊल काटकोनाच्या पुढे तसूभर येईना.

"किती आलं?"

"काहीच नाही, मामा. ऑपरेशनचं विचारावं लागेल."

 भिंतीकडे तोंड ठेवूनच ते हळूच म्हणाले, "त्या मोठ्या डाक्टरासमोर तुजं नाव खाली जाईल का गं माय?"

माझ्या नावाचं काय घेऊन बसलात, संडासातल्या त्या खुर्चीवर तुम्हाला बसावं लागतंय, असं ओरडायचं होतं मला. टाच अजून माझ्या हातातच होती.