काळी स्क्रीन आणि गाऱ्हाणं

आई मालवणच्या बाजारात मासे विकायची. आमच्या घरात दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. आज डब्यातल्या सुकटीचा वास आला आणि कॉलेजच्या लॅबमधला तो रविवार आठवला.

पुण्याहून आलेले दोन स्वयंसेवक आम्हाला लिनक्स ही संगणकप्रणाली टाकायला शिकवत होते, तेही फुकट. कॉलेजच्या सरांनी मला आधीच बजावलं होतं, "मशीन बिघडलं तर परत लॅबची पायरी चढायची नाही." लिनक्सची सीडी मीच घातली. "जुनं सगळं पुसू का?" या स्क्रीनवरच्या प्रश्नाला हो म्हटलं, तोच बाहेर समुद्र काळवंडला. खिडक्या आपटू लागल्या. स्क्रीनही काळी पडली, हलेना. ट्यूबलाईट मिणमिणली.

"मारलंस मा गो तेका?" शेजारचा संतोष कुजबुजला.

"गप रे! गाऱ्हाणा घाल," मी म्हटलं.

देवळात गाऱ्हाणं घालताना जोडतात तसे त्याने माझ्यासाठी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाचा मशीन चालू कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी पोरं ओरडली. पाहुणे हसले नाहीत. तेही ट्यूबलाईटकडेच बघत होते; मध्येच लाईट गेली असती तर मशीन खरंच बिघडलं असतं.

आता कळतं, त्या काळ्या स्क्रीनमागे लिनक्स टाकायचं काम चालूच होतं. तेव्हा मात्र माझं शिक्षण तिथेच बुडालं असं वाटलं.

लाईट टिकली आणि थोड्या वेळाने स्क्रीन उजळली. त्याच मशीनवर शिकून मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले.