उंबरठ्यातला खिळा

मोठीमाय जिवंत माणसांशी भांडायचीच, पण तिची खरी भांडणं मेलेल्यांशी चालत. पितरांच्या दिवसांत छपराच्या कवेलूंवर घास ठेवताना ती मेलेल्या सासूला मोठ्याने सुनवायची, "खाय आता! मले जलमभर शिळं वाढलंस, मी तुले गरम वाढून राहिली." भंडाऱ्यातल्या आमच्या विणकरांच्या आळीत लोक माग थांबवून हे ऐकत.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मला जन्म देताना माझी आई गेली आणि मोठीमायने मला वाढवलं. बाळंतपणात मेलेली बाई चुडैल होते, लेकरासाठी परत येते आणि घराचा सत्यानाश करते, अशी आमच्याकडे पक्की समजूत. म्हणून आईला वैनगंगेवर पोचवून परतताना लोकांनी वाटभर मोहरी फेकली आणि एका जाणत्या म्हाताऱ्याने आमच्या उंबरठ्यात लोखंडी खिळा ठोकला. हे लिहिताना आजही माझं डोकं फिरतं. कालपर्यंत जिच्या हातचं खाल्लं, तिलाच दारात अडवायचं! माझे वडील ओसरीत मान खाली घालून बसून होते. त्या भित्रेपणाबद्दल मी त्यांना कधी माफ केलं नाही.

मोठ्या बाबांचा, म्हणजे मोठीमायच्या नवऱ्याचा, राग मला त्याहून जास्त येतो. ते शाळामास्तर, देव-भूत काही न मानणारे. जीव म्हणजे दिवा, विझला की संपला, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मोठीमायने त्यांना खिळा काढायला सांगितलं, तर म्हणाले, "मेल्यावर काहीच उरत नाही. मंग खिळ्यानं कोणाचं काय बिघडते? राहू दे, लोकायच्या मनाचं समाधान." एवढी पुस्तकं वाचून माणूस शेवटी म्हाताऱ्याच्याच बाजूला जाऊन उभा राहिला.

मोठीमायने चुलीजवळची सांडशी उचलली आणि सगळ्यांदेखत खिळा उपटला. "येऊ द्या तिले. लेकरू हाय तिचं या घरात. चोरटी हाय का ती?" घर बुडेल म्हणून म्हातारा धमकावू लागला, तेव्हा तिने खिळा त्याच्या पुढ्यात फेकला. "आपल्या दारात ठोक. तू मेला का तुले कोणी परत बोलावणार नाही."

ही हकिगत मला तिनेच सांगितली, दरवेळी नव्याने संतापून. दिवेलागणीला ती दार सताड उघडायची आणि सुताच्या कांड्या भरता भरता बाहेर पाहून म्हणायची, "ये वं. पोट्टी जेवली तुही." मग माझ्याकडे वळून, "आली होती तुही माय. केसावरून हात फिरवून गेली." शाळेत एकीने मला चुडैलीची पोट्टी म्हटलं, तर मोठीमाय थेट तिच्या आईच्या अंगणात जाऊन ओरडली, "हिची माय मरूनबी रोज लेकीले पाहाले येते. तू जित्ती असून तुही पोट्टी काय बकते, ते पाहाले तुले फुरसत नाही!" मला माझ्या आईची भीती कधीच वाटली नाही.

मी कॉलेजात होते तेव्हा मोठीमायने अंथरूण धरलं. ऐंशीच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. एका दुपारी मी तिला पेज भरवत होते. ती एकदम चवताळून म्हणाली, "आता मी वर गेली का पहिले तुह्या मायचं थोबाड रंगवीन. इतके वर्सं दार उघडं ठेवलं, एकडाव आली नाही!"

मी पेजेची वाटी खाली ठेवली. "मंग मले रोज काय सांगत होती तू?"

"मंग काय सांगू? तुही माय तुले विसरली, हे सांगू?"

मोठे बाबा खाटेशेजारी होते. त्यांनी तोंड उघडलं, तशी ती खेकसली, "तुमी चूप राहा."

त्याच आठवड्यात ती गेली. मेल्यावर काय होतं, ते मला ठाऊक नाही. पण तिथे काही असलंच, तर माझ्या आईला त्या दिवशी अशी काही बोलणी बसली असतील की विचारू नका. बसायलाच हवी होती.